बेडक्यातला जंतू आणि लोहचुंबक

रायपूरहून जगदलपूर सुमारे 300 किलोमीटर, आणि बस्तरचे कितीतरी पाडे त्याच्याही पुढे. तिथल्या क्षयाच्या संशयिताचा बेडका मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचा, कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या, निकालासाठी आठवडे मोजायचे, आणि तोवर तो माणूस घरातल्या पोराबाळांत खोकत राहणार. सूक्ष्मदर्शकाची तपासणी जवळपास होते, पण मिलिलिटरभर बेडक्यात हजारो जंतू असतील तरच ते काचेवर सापडतात. म्हणूनच गोव्याची मोलबायो आणि बंगळुरूची बिगटेक यांचं ट्रूनॅट हे पीसीआर यंत्र मला फार मोलाचं वाटतं. ते बॅटरीवर चालतं, त्याला वातानुकूलित खोली लागत नाही.

पीसीआर म्हणजे जंतूच्या डीएनएच्या असंख्य प्रती काढून तो ओळखणं. पण खरी अडचण त्याआधीची: बेडका चिकट, त्यात रक्त, पू, पेशींचा गाळ, आणि यातलं थोडं जरी उरलं तरी पीसीआर अडते. ट्रूनॅटच्या सुरुवातीच्या ट्रूप्रेप-मॅग यंत्रात हे काम चुंबकीय नॅनोकणांवर सोपवलं होतं. या पद्धतीत बेडका आधी पातळ करतात, जंतू फोडतात. सुटलेला डीएनए कणांना चिकटतो. बाहेरून चुंबक लावला की कण नळीच्या भिंतीला धरले जातात. मग घाण ओतून द्यायची, कण धुवायचे, आणि शेवटी वेगळ्या द्रावणात डीएनए सोडवून घ्यायचा. गरगर फिरणारं सेंट्रिफ्यूज लागतच नाही. लहान आरोग्य केंद्राच्या दृष्टीने माझ्या मते यातली सर्वांत मोठी सोय हीच. शुद्ध डीएनएचे अवघे 6 मायक्रोलिटर पुढे चिपवरच्या तपासणीला पुरतात.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात 226 संशयितांच्या बेडक्यांवर याची पारख झाली. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात क्षय असलेल्यांपैकी सुमारे 91 टक्के रुग्ण यंत्राने पकडले, आणि क्षय नसलेल्या एकालाही रुग्ण ठरवलं नाही. हे दुसरं मला अधिक दिलासा देतं, कारण क्षयाची औषधं महिनोन्‌महिने घ्यायची असतात.

पुढे बेडका हाताळण्याचं काम ट्रूप्रेप ऑटो या स्वयंचलित यंत्राकडे गेलं. 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ट्रूनॅटची शिफारस केली. त्याच वर्षी आयसीएमआरने ते कोविडच्या तपासणीतही आणलं.

क्षयाचा निकाल तासाभरात मिळतो. तो पॉझिटिव्ह आला, तर काढून ठेवलेल्या त्याच डीएनएवर आणखी तासाभरात कळतं, की जंतू रिफाम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला दाद देतो का. नेहमीचा कोर्स सुरू करायचा, की वेगळी औषधं मागवायची, हे रुग्ण केंद्रातून घरी जाण्याआधीच ठरवता येतं.