वेब होस्टिंग व्यवसायातील बिलिंग सॉफ्टवेअरची दरवाढ : खानदेशातील लहान व्यावसायिक व शैक्षणिक संस्थांच्या संदर्भात

प्रस्तावना :

फैजपूर, सावदा, यावल, रावेर या परिसरातील बहुतेक महाविद्यालये, माध्यमिक शाळा, पतसंस्था व केळीचे व्यापारी यांची संकेतस्थळे आज अस्तित्वात आहेत. ती ज्या सर्व्हरवर ठेवलेली असतात तो सर्व्हर क्वचितच खानदेशात असतो. परंतु त्याचे देयक पाठविणारा व्यावसायिक मात्र पुष्कळदा जळगाव, भुसावळ वा धुळे येथील एखाद्या लहान कार्यालयात बसलेला असतो. तो स्वतः सर्व्हरचा मालक नसून मोठ्या कंपनीकडून जागा घाऊक दराने घेऊन ती किरकोळीने देणारा पुनर्विक्रेता असतो. महाविद्यालयाच्या दृष्टीने हा खर्च किरकोळ असल्याने नूतनीकरणाचे देयक वाढून आले की ‘महागाई’ असे म्हणून ते मंजूर केले जाते, किंवा दुसऱ्या व्यावसायिकाचे दरपत्रक मागविले जाते. ही वाढ कोठून येते, याचा शोध सहसा घेतला जात नाही.

या वाढीस अनेक कारणे आहेत. त्यांपैकी सर्वांत कमी चर्चिले गेलेले कारण म्हणजे बिलिंग सॉफ्टवेअरच्या दरात व त्याहूनही अधिक दर आकारण्याच्या पद्धतीत झालेला बदल होय. प्रस्तुत लेखात या बदलाचे स्वरूप व त्याचा भार कोणावर पडतो, याचे विवेचन केले आहे.

बिलिंग सॉफ्टवेअरचे कार्य :

होस्टिंगचा व्यवसाय हा मूलतः नूतनीकरणाचा व्यवसाय आहे. एका ग्राहकाकडून वर्षाकाठी मिळणारी रक्कम लहान असते आणि प्रत्येकाची मुदत वेगवेगळ्या तारखेला संपते. दोन-तीनशे ग्राहकांच्या मुदती वहीत सांभाळणे अशक्य नसले तरी चुकीस वाव देणारे आहे. आणि येथे एक चूक म्हणजे एखाद्याचे डोमेन नाव कायमचे हातचे जाणे. बिलिंग सॉफ्टवेअर मुदतीपूर्वी देयक तयार करते, स्मरणपत्र पाठविते, पैसे जमा होताच सर्व्हरला आज्ञा देऊन खाते सुरू करते, डोमेनची मुदत वाढविते, पैसे न आल्यास खाते स्थगित करते आणि ग्राहकांच्या तक्रारींची नोंद ठेवते. थोडक्यात, कारकून, वसुली कर्मचारी व तंत्रज्ञ या तिघांचे काम ते एकाच वेळी करते.

या क्षेत्रात सर्वाधिक प्रचलित असलेले सॉफ्टवेअर म्हणजे इंग्लंडमध्ये तयार झालेले ‘डब्ल्यूएचएमसीएस’ होय. त्याच्या नावातील ‘डब्ल्यूएचएम’ हा भाग अमेरिकेतील ‘सीपॅनेल’ या सर्व्हर-व्यवस्थापन प्रणालीतून आला आहे, आणि हे नाते केवळ नावापुरते राहिले नाही. २०१२ मध्ये सीपॅनेल कंपनीने डब्ल्यूएचएमसीएसमध्ये भांडवल गुंतविले. २०१७ मध्ये ओकली कॅपिटल या गुंतवणूक संस्थेने ‘प्लेस्क’ ही सीपॅनेलची प्रतिस्पर्धी प्रणाली घेतली व २०१८ मध्ये खुद्द सीपॅनेलही घेतली. पुढे ही सर्व उत्पादने ‘वेबप्रोज’ या एकाच समूहात आली. सर्व्हर चालविणाऱ्या दोन प्रमुख प्रणाली आणि त्यांचे देयक बनविणारे प्रमुख सॉफ्टवेअर हे एकाच मालकीखाली आल्यावर दराच्या बाबतीत ग्राहकाचे म्हणणे किती चालणार, हे निराळे सांगावयास नको.

खंड आणि बटाई :

पूर्वी डब्ल्यूएचएमसीएसचा परवाना दोन प्रकारे मिळत असे. एकरकमी किंमत देऊन प्रत कायमची घ्यावी, किंवा दरमहा ठराविक भाडे द्यावे. दोन्ही प्रकारांत ग्राहक पन्नास आहेत की पाच हजार, याच्याशी किमतीचा संबंध नव्हता. शिवाय अनेक घाऊक विक्रेते आपल्या पुनर्विक्रेत्यांना हा परवाना योजनेबरोबर विनामूल्य देत. २०१७ मध्ये नव्या परवान्यांसाठी चालू ग्राहकांच्या संख्येनुसार टप्पे ठरविण्यात आले. २५०, ५००, १००० अशा मर्यादा ओलांडल्या की व्यावसायिक वरच्या दरात जातो. एकरकमी विक्री बंद झाली आणि त्यानंतरच्या वर्षांत मासिक दरही वेळोवेळी वाढविण्यात आले. सीपॅनेलनेही २७ जून २०१९ रोजी अशीच घोषणा केली. तोवर एका सर्व्हरच्या परवान्यात कितीही खाती ठेवता येत. १ सप्टेंबर २०१९ पासून शंभर खात्यांपर्यंत एक दर व त्यापुढील प्रत्येक खात्यास वेगळी आकारणी सुरू झाली.

शेतीच्या भाषेत सांगावयाचे तर आधी जमीन खंडाने होती, ती आता बटाईने झाली. खंडात पीक कितीही येवो, देणे ठरलेले असते. बटाईत पिकाबरोबर देणे वाढते. परंतु ही उपमा एका महत्त्वाच्या ठिकाणी अपुरी पडते. बटाईत मालकाचा वाटा उत्पन्नात असतो, म्हणून वाईट वर्षी त्यालाही कमी मिळते. येथे वाटा उत्पन्नावर नसून माणसांच्या गणतीवर आहे. तालुक्याच्या गावातील शाळा आणि लंडनमधील मोठे दुकान हे दोघेही या हिशेबात ‘एक ग्राहक’ होत.

याचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका व्यावसायिकाचे २६० ग्राहक आहेत, प्रत्येकाकडून वर्षाला सरासरी १,५०० रुपये मिळतात आणि बिलिंग परवान्याचा दर दरमहा ४० डॉलर आहे. डॉलर ८५ रुपये धरल्यास परवान्याचा वार्षिक खर्च ४०,८०० रुपये होतो, तर एकूण जमा ३,९०,००० रुपये. म्हणजे सर्व्हर, डोमेन, कर, जागेचे भाडे व स्वतःचे वेतन यांतील काहीही देण्यापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम केवळ देयके बनविण्यासाठी जाते. तेवढेच ग्राहक असलेल्या, परंतु प्रत्येकाकडून वर्षाला १२० डॉलर घेणाऱ्या परदेशी व्यावसायिकाला हाच परवाना जमेच्या सुमारे दीड टक्क्यास पडतो. दरपत्रक एकच, परंतु भार सहा-सातपट. शिवाय या उदाहरणातील व्यावसायिक केवळ दहा ग्राहकांनी २५० ची मर्यादा ओलांडून बसला आहे. त्या दहा जणांकडून येणारे १५,००० रुपये आणि वरच्या टप्प्यात जाण्याचा वाढीव खर्च यांची तुलना करून त्याला नवा ग्राहक घ्यावा की नाही, असा विचार करावा लागतो. वाढ हीच शिक्षा ठरावी, अशी ही रचना आहे.

डॉलर, कर व स्वयंचलित वसुली :

परदेशी दराला रुपयाच्या घसरणीची जोड मिळते. डोमेन नावांच्या किमतीत हे स्वच्छ दिसते, कारण ‘डॉट कॉम’चा घाऊक दर जाहीर असतो. जानेवारी २०१२ मध्ये तो ७.८५ डॉलर झाला, काही वर्षे गोठविला गेला, आणि २०२१ पासून दरवर्षी वाढत सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाला. डॉलरमधील ही वाढ सुमारे ३१ टक्के आहे. परंतु २०१२ च्या आरंभी डॉलर सुमारे ५० रुपये होता व २०२४ च्या सप्टेंबरात सुमारे ८४ रुपये. म्हणजे रुपयांत हाच दर सुमारे ३९० वरून ८६० वर गेला. बिलिंग परवान्यालाही हाच गुणाकार लागू पडतो.

करांचा भाग तुलनेने सरळ आहे. नोंदणीकृत व्यावसायिकास परदेशातून घेतलेल्या अशा सेवेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर रिव्हर्स चार्ज पद्धतीने स्वतः भरावा लागतो; तो रोखीने भरावयाचा असला तरी पुढे त्याची वजावट मिळते. नोंदणी नसलेल्या लहान व्यावसायिकाकडून परदेशी कंपनीच कर आकारून घेते आणि ती रक्कम निव्वळ खर्चात जाते. म्हणजे येथेही लहानावरच भार अधिक.

याहून लक्षणीय बाब स्वयंचलित वसुलीची आहे. या सॉफ्टवेअरचे मोठे मूल्य असे की, ग्राहकाच्या कार्डावरून ठरल्या दिवशी रक्कम आपोआप वळती व्हावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा आवर्ती वसुलीसाठी पूर्वसूचना व नोंदविलेली संमती आवश्यक झाली. दुसऱ्या पडताळणीविना वळती होऊ शकणाऱ्या रकमेची मर्यादा आधी ५,००० रुपये होती, ती जून २०२२ मध्ये १५,००० करण्यात आली. ग्राहकाच्या हिताच्या दृष्टीने हे नियम योग्यच आहेत. परंतु त्यांना अनुरूप नसलेल्या जुन्या जोडण्या त्यामुळे निरुपयोगी झाल्या आणि लहान व्यावसायिक यूपीआयचा दुवा पाठवून, वर दूरध्वनी करून वसुली करू लागले. यंत्राने करावयाच्या कामाचे पैसे देऊन ते काम हाताने करावे लागणे, हा या व्यवहारातील एक विचित्र भाग आहे.

महाविद्यालय हा ग्राहक तर आणखी निराळा. तेथे देयक आल्यावर टिपणी लिहिली जाते, खरेदी समितीपुढे विषय जातो, प्राचार्यांची मंजुरी होते आणि मग धनादेश निघतो. सॉफ्टवेअरला ही प्रक्रिया ठाऊक नसते. मुदत संपून ठराविक दिवस झाले की ते खाते स्थगित करते. वार्षिक गुणवत्ता अहवाल व त्यास जोडलेली कागदपत्रे संकेतस्थळावर असावीत अशी नॅकची अपेक्षा असते, आणि महाविद्यालयाच्या संशोधनपत्रिकेचे अंकही तेथेच असतात. एका स्थगितीने हे सर्व दुवे एकाच वेळी तुटतात. परिसरातील व्यावसायिक बहुधा ओळखीमुळे हाताने मुदत वाढवून देतो आणि धनादेशाची वाट पाहतो. त्याच्या या उधारीचा मोबदला कोणत्याही दरपत्रकात नसतो. दरवाढीनंतर मात्र अशी उधारी देण्याची त्याची ऐपत कमी होते.

पर्याय व त्यांच्या मर्यादा :

यावर स्वदेशी उत्तर नव्हते असे नाही. मुंबईत १९९८ मध्ये सुरू झालेल्या डायरेक्टी या कंपनीने ‘रिसेलरक्लब’मार्फत पुनर्विक्रेत्यांना ‘ऑर्डरबॉक्स’ या स्वतःच्या प्रणालीवरील तयार दुकान व देयक-व्यवस्था उपलब्ध करून दिली होती. वेगळ्या परवान्याची गरज नव्हती. अट एवढीच की माल त्याच घाऊक विक्रेत्याचा विकावयाचा. अनेकांनी डब्ल्यूएचएमसीएस स्वीकारले ते याच बंधनातून सुटण्यासाठी, म्हणजे आज एकाकडून तर उद्या दुसऱ्याकडून सर्व्हर घेता यावा म्हणून. घाऊक विक्रेत्यापासून मिळालेले हे स्वातंत्र्य कालांतराने सॉफ्टवेअर कंपनीवरील अवलंबनात बदलले. डायरेक्टीचा हा व्यवसायही २०१४ मध्ये एन्ड्युरन्स इंटरनॅशनल या अमेरिकी समूहाकडे गेला.

जुनी, एकरकमी घेतलेली प्रत तशीच वापरत राहावे, असे सुचविले जाते. हे धोक्याचे आहे. मे २०१२ मध्ये डब्ल्यूएचएमसीएस कंपनीचीच माहिती हल्लेखोरांनी पळविली होती आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये या सॉफ्टवेअरमधील गंभीर त्रुटी उघडपणे प्रसिद्ध झाल्या होत्या. ज्या प्रणालीत ग्राहकांचे पत्ते, सर्व्हरचे परवलीचे शब्द व पैशांचे व्यवहार आहेत, ती सुधारणांविना चालविणे म्हणजे कुलूप गंजले असताना तिजोरी वापरण्यासारखे आहे. शिवाय या सॉफ्टवेअरचा गाभा सांकेतिक रूपात असल्याने तो स्थानिक तंत्रज्ञास दुरुस्त करता येत नाही आणि परवाना वैध आहे की नाही, हे कंपनीच्या सर्व्हरकडून वेळोवेळी तपासले जाते.

‘ब्लेस्टा’सारखे व्यापारी पर्याय आणि ‘फॉसबिलिंग’सारखे मुक्त-स्रोत पर्याय आहेत. मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरला परवाना शुल्क नाही, परंतु भारतीय कररचना, यूपीआय व येथील डोमेन विक्रेते यांच्या जोडण्या व्यावसायिकाला स्वतः कराव्या वा करवून घ्याव्या लागतात. संगणकशास्त्र विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील हे काम आहे. दरवर्षी नव्याने लिहिल्या जाणाऱ्या ग्रंथालय-व्यवस्थापनाच्या प्रकल्पांपेक्षा ते निश्चितच अधिक उपयोगी ठरेल.

महाविद्यालयांपुरते पाहता डोमेन व होस्टिंग हे दोन विषय वेगळे ठेवणे शहाणपणाचे आहे. ‘एसी डॉट इन’ डोमेनची नोंदणी अर्नेट इंडियाकडे होते. ती संस्थेच्या नावे, संस्थेच्या ईमेलवर असल्यास व्यावसायिक बदलला वा त्याने व्यवसाय बंद केला तरी पत्ता हातात राहतो. नोंदणी व्यावसायिकाच्या वैयक्तिक ईमेलवर असल्यास तो सोडविण्यातच महिने जातात.

स्थलांतराचा सर्वांत अवघड भाग तांत्रिक नसून हिशेबाचा आहे. वस्तू व सेवा कराच्या नियमांनुसार देयकांना आर्थिक वर्षभर सलग व पुन्हा न येणारे क्रमांक असावे लागतात. त्यामुळे नवे सॉफ्टवेअर सुरू करण्यास १ एप्रिल हा दिवस सोयीचा. परंतु जुनी देयके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवणे बंधनकारक आहे. जुना परवाना संपला की पडद्यावरील नोंदी दिसेनाशा होतात. म्हणून सर्व देयके पीडीएफ स्वरूपात व ग्राहकांची खातेवही तक्त्याच्या स्वरूपात काढून घेतल्याशिवाय परवाना सोडता येत नाही. हे काम मार्चमध्येच करावे लागते आणि नेमके त्याच महिन्यात संस्थांची सर्वाधिक देयके मंजुरीसाठी अडकलेली असतात.