पट्टी आणि पात्र

पहाटे साडेपाचला तंबोरा जुळवते आणि अर्धा तास खर्जात बसते. दिवसभर दुसऱ्यांच्या पट्टीत गायचं असतं, म्हणून एवढा वेळ माझ्या गळ्याचा.

सातला अकरावीतली मुलगी येते. आज तिच्या आईही आल्या आहेत. राज्य संगीत नाट्य स्पर्धेत आमच्या मंडळानं यंदा कोणतं नाटक करायचं ते अजून ठरलेलं नाही आणि घोडं बरंचसं या मुलीवर अडलं आहे. आईंच्या मनात ‘मानापमान’मधली भामिनी आहे. मुलीनं शाळेत भामिनीचं पद म्हणून बक्षीस मिळवलं होतं, तेव्हापासून घरात तेच.

मुलगी काळी चारमध्ये छान लागते, ताना स्वच्छ आहेत. मी पेटी मिटते आणि पदाच्या आधीची चार वाक्यं वाचायला सांगते. वाचताना आवाज एकदम खाली, घाबरल्यासारखा, घशातला. पद सुरू झालं की दुसरीच कुणीतरी गाते. इथेच कळतं. संगीत नाटकात गद्यातून पदात जाताना सांधा दिसला, की प्रेक्षकाला कुणीतरी मागे टेप लावल्यासारखं वाटतं. भामिनी श्रीमंतीच्या तोऱ्यात वाढलेली. ती बोलते तेव्हाच अर्धी गाते. शिवाय गोविंदराव टेंब्यांच्या या चालींना ठुमरी-दादऱ्याचा लाडिकपणा आहे. सूर बरोबर लागले तरी ती नजाकत सोळाव्या वर्षी कुठून आणणार?

“बालगंधर्वसुद्धा लहानच होते ना, ताई?” आई विचारतात. प्रश्न रास्त आहे. 1911 साली भामिनी उभी केली तेव्हा ते 22 वर्षांचे होते. पण किर्लोस्कर मंडळीत ते 1905 मध्ये आले. शकुंतला, सुभद्रा अंगात मुरल्यावर भामिनी आली.

मग मी ‘शारदा’ काढते. देवलांचं हे नाटक 1899 सालचं. शारदा आईशी बोलते तेव्हा गद्य कुठे संपलं आणि पद कुठे सुरू झालं ते कळत नाही, इतकी ती पदं बोलीला धरून आहेत. मुलीचा तोच घाबरा, खालचा आवाज इथे कामाला येतो. म्हाताऱ्याशी लग्न ठरलेली मुलगी दुसरं कसं बोलेल? केशवराव भोसले नावारूपाला आले ते पोरवयात केलेल्या याच शारदेमुळे. आईंचा चेहरा मात्र पडलेलाच. शारदेत ताना कमी, हे त्यांना बरोबर कळलं आहे.

साडेनऊला बँकेतले एक गृहस्थ कामावर जाता जाता डोकावतात. यांना अर्जुन हवा होता. आवाज लहान, वरच्या षड्जाला धाप लागते, पण बोलणं असं मिठ्ठास की मुदतठेव मोडायला आलेला माणूस नवी ठेव करून जावा. ‘सौभद्र’ केलं असतं तर यांना कृष्ण दिला असता. त्या नाटकात सगळी सूत्रं हलवून नामानिराळा राहतो तो कृष्णच. ‘शारदे’त यांच्यासाठी भद्रेश्वर दीक्षित आहे. गोड बोलून पोरीचा सौदा जुळवणारा मध्यस्थ. मी नाव घेतल्यावर ते हसले. म्हणजे पटलं.

अकरा वाजता नाशिकचं सार्वजनिक वाचनालय. 1840 पासूनची संस्था, तिथे संहिता पाहत बसायला मला आवडतं. जुन्या नाटकांत प्रत्येक पदावर ‘चाल’ छापलेली असते. कुठल्या प्रसिद्ध गाण्यावर हे बेतलं ते वाचून पदाचा वेग आणि वजन कळतं. कुठली पदं ठेवायची आणि कुठली गाळायची तेही इथेच ठरवते. मूळ ‘सौभद्रा’त शंभरावर पदं होती, रात्रभर बसणारा प्रेक्षक होता. आता ते शक्य नाही. पण पद गाळताना त्यातली बातमी गळत नाही ना, एवढं पाहावं लागतं. गवयाचं आवडतं पद आणि कथेला लागणारं पद एकच असेल असं नाही.

तिथेच मंडळाचे एक ज्येष्ठ भेटतात. त्यांचा आग्रह, “नाशिकचं नाटक करा.” म्हणजे कानेटकरांचं ‘मत्स्यगंधा’ (1964) किंवा शिरवाडकरांचं ‘ययाति आणि देवयानी’ (1966). दोन्ही नाशिककरांची, दोन्हींना संगीत अभिषेकीबुवांचं. अभिमान मलाही आहे. पण अभिषेकीबुवांच्या चाली आटोपशीर दिसतात म्हणून सोप्या समजू नयेत. रामदास कामतांचा पराशर ज्यांनी ऐकला, त्यांच्यासमोर अर्ध्या ताकदीचा पराशर उभा करण्यात काय अर्थ? आमच्याकडे तो गळा नाही. गाव पाहून नाटक निवडण्यापेक्षा गळे पाहून निवडलेलं बरं.

दुपार जेवण, झोप, लहान मुलांचा वर्ग. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सहाला तालीम. आज सगळ्यात अवघड माणूस येणार. भारदस्त आवाज, पन्नाशी, 2015 चा ‘कट्यार’ चित्रपट आल्यापासून डोक्यात खाँसाहेब. रंगभूमीवरचे खाँसाहेब वसंतराव देशपांड्यांच्या गाण्याभोवती उभे राहिले. नुसत्या आवाजाच्या जाडीवर ते पेलत नाहीत. यांना मी शारदेचा बाप दिला, कांचनभट.

“पदं किती आहेत?” पहिला प्रश्न.

“आधी पान वाचा.”

पैशाच्या मोहानं पोटची पोर थेरड्याला द्यायला निघालेला माणूस त्यांनी वाचला. दुसऱ्याच वाक्याला मुलगी खरोखर दचकून मागे सरकली. खोलीत कुणी काही बोललं नाही, पण त्यांनी पदांचा विषय पुन्हा काढला नाही.

मग पट्टीचा घोळ. शारदा काळी चार, नायक कोदंड करणारा मुलगा काळी एक. म्हणजे तिचा सा हा त्याचा पंचम. पूर्वी दोन्ही भूमिका पुरुषच करायचे, गळे शेजारशेजारचे असायचे; ध्वनिक्षेपक नव्हते, म्हणून सगळेच उंच लावायचे. आता ऑर्गनवाल्याला तिच्या पदातून त्याच्या पदात उडी मारावी लागते. तो कुरकुरला. त्याला मधली तीन गद्य वाक्यं दिली आणि सांगितलं, शेवटच्या शब्दावर नवा सा हलकेच दाबून ठेव, कोदंडाच्या कानात पडेल एवढाच. चौथ्या वेळी जमलं. कोदंडाला वर चढवून बघूया, असं कुणीतरी सुचवलं. दोन ओळींत त्याच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या. उतरवला.

साडेआठला ‘शारदा’ नक्की झालं. हात वर करून वगैरे काही नाही. निर्माते आपणहून म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या पगडीचा खर्च विचारू लागले.

पावणेदहाला मुलीच्या आईचा फोन. “ताई, शारदेला वन्समोअर मिळेल ना?”

“मिळेलही. पण थांबू नकोस म्हणावं. लगेच बापाची एंट्री आहे आणि ते गृहस्थ थांबणाऱ्यातले नाहीत.”