पाट राखून ठेवा हं!

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस जूनमध्ये थाटात करायचा, असा आमच्या मुलांचा हट्ट. मुंबईतल्या एका नामांकित भोजनगृहात टेबल राखायचे ठरले. धाकटे चिरंजीव मोबाईल घेऊन नेमक्या वेळेला दबा धरून बसले. पण छे! बघता बघता महिन्याच्या साऱ्या जागा संपल्या!

दोष तरी कुणाला द्यायचा? अशा ठिकाणी मुळात खुर्च्याच थोड्या. वांद्र्याला २०२४ साली निघालेल्या ‘पापाज’मध्ये तर त्या अवघ्या १२! पूर्वी खानावळीत नेहमीच्या माणसाचा पाट राखून ठेवीत. आता त्यासाठी आधीपासून धडपडावे लागते, इतकेच.

अखेर आम्ही शहापूरला थोरल्या भावाकडे जायचे ठरवले. फोनवर वहिनींना म्हटले, “शेवळं करा हं!” त्या हसल्या. “भावोजी, ते माझ्या हाती नाही. पाऊस पडला तर!”

खरेच आहे. शेवळं शेतात लावीत नाहीत. पहिल्या सरींबरोबर ती रानात उगवतात आणि थोड्याच आठवड्यांत संपतात. शहापूर-मुरबाडच्या ठाकूर, कातकरी बायका ती हुडकून आणतात. शहापूरकडच्या बायका आसनगाव, खर्डीहून लोकल पकडतात. मुरबाडला रेल्वे नाही, तिथल्या एसटीने कल्याण गाठतात. शेवळांबरोबर आंबट काकडं घ्यायला मात्र विसरू नये. शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. आंबट घातले नाही, तर घसा असा खवखवतो की मेजवानी जन्मभर लक्षात राहावी!

पाऊस पडला, आणि शहापूरच्या बाजारात शेवळंही दिसली. आमच्या सौभाग्यवतींनी सवयीने घासाघीस आरंभली. विकणारी बाई शांतपणे म्हणाली, “ताई, सकाळधरनं रान हिंडले, तवा एवढी गावली.” सौभाग्यवती गप्प झाल्या. मलाही ओशाळल्यासारखे झाले. त्या भोजनगृहात ताटामागे हजारो रुपये आगाऊ भरायला आम्ही तयार होतो. तिथे कुणी घासाघीस केली असती?

घरी वहिनींनी शेवळांत कोलंबी घातली. काय ती चव! जेवताना भाऊ म्हणाला, “तुम्हा मुंबईकरांना जागा मिळाली नाही म्हणून काय रडता? आमच्या तालुक्याचे पाणी तुमच्यासाठी कधीचेच राखीव आहे!” तानसा धरण १८९२ चे, पुढे भातसाही झाले. आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते! यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

परतताना ती बाई पुन्हा भेटली. मी म्हटले, “पुढल्या वर्षी आमच्यासाठी दोन जुड्या राखून ठेवाल ना?”

रस्त्याकडेला नव्या शेतघराचे कुंपण पडत होते. तिकडे पाहत ती म्हणाली, “ठेवीन की दादा. रान राहिलं, तर!”