कानांनी गाठायची एसटी

सकाळी ६
रविवारी सातपर्यंत घर शांत असतं, म्हणून आठवड्यात आलेली रेकॉर्डिंग मी सहालाच ऐकायला घेते. पंखा बंद आणि हेडफोन वायरचे. ब्लूटूथवर आवाज सेकंदाचा दहावा भाग, कधी त्याहूनही उशिरा कानात पोचतो. गाणी ऐकताना ते कळतही नाही, पण आमच्या खेळात तेवढ्यात बस सुटते.

आमचा खेळ एसटी स्टँडवर घडतो. पडद्यावर काही नाही. घोषणा ऐकत, गर्दीतून वाट काढत फलाट शोधायचा आणि डबल बेल पडायच्या आत गाडीत चढायचं. पहिली फेरी पुणे-नगरची ठेवली आहे, कारण १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी याच मार्गावर धावली. टीम सहा-सात जणांची. कुणी नोकरी करतं, कुणी शिकतं, पगार कुणालाच नाही. मी अंध आहे, सोमवार ते शुक्रवार सरकारी कचेरीत असते आणि रविवारी ही टीम सांभाळते.

आज लातूरहून चहावाल्याची आरोळी आली आहे. आवाज फार गोड, पण फाइल स्टिरिओ आहे. खेळात एखादा आवाज डावीकडे पाच पावलांवर ठेवायचा तर मूळ फाइल मोनो लागते. डाव्या-उजव्या कानाचं वाटप संगणक करतो. शिवाय आरोळीत मागची रिक्षाही शिरली आहे. चहावाला सरकला की तीही त्याच्याबरोबर सरकणार. मी लिहून पाठवते : ‘आवाज झकास. पहाटेच्या पहिल्या गाडीच्या वेळी पुन्हा घेशील का? मोबाइल त्यांच्या जवळ धर आणि तू काही बोलू नकोस.’

८
कामांची वाटणी. बिनपगारी टीममध्ये सगळ्यात दुर्मिळ गोष्ट म्हणजे माणसाचे मोकळे दोन तास. म्हणून एका बैठकीत संपणार नाही असं काम मी कुणाला देतच नाही. ‘फलाट तयार कर’ म्हटलं की महिना जातो. ‘फलाट तीनच्या खांबापाशी पाऊल घुमलं पाहिजे’ म्हटलं की रात्रीपर्यंत होतं. परीक्षा, पाहुणे, दिवाळी हे सगळं असणारच. ‘या आठवड्यात जमणार नाही’ असं जो लगेच कळवतो, तो माझ्या दृष्टीनं भरवशाचा माणूस.

९.३०
नवी मुलगी आली आहे, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला, डोळस. तिला पहिलं काम कोडचं देत नाही. लॅपटॉपचा पडदा बंद कर, एनव्हीडीए सुरू कर आणि अर्धा तास खेळ, एवढंच सांगते. एनव्हीडीए म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा मोफत प्रोग्रॅम, स्क्रीन रीडर. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानं २००६ मध्ये तो लिहायला घेतला. त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाजाला मराठीही येतं. आवाज यंत्राचा आहे, पण वेग तिपटीनं वाढवला तरी शब्द सुटत नाही.

“ताई, हे असले खेळ आधीपासून आहेत?” ती विचारते. आहेत तर! जपानमध्ये केन्जी एनोनं १९९७ मध्ये सेगा सॅटर्नवर ‘रियल साउंड’ हा चित्राविना खेळ आणला. २०१० मध्ये लंडनहून आयफोनसाठी ‘पापा संग्रे’ आला, २०१५ मध्ये फ्रान्समधून ‘अ ब्लाइंड लेजंड’. आणि २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’मध्ये साठाहून अधिक सोयी होत्या, तो खेळ अंध खेळाडू शेवटपर्यंत पूर्ण करू शकले. अंध सल्लागार खेळ बनत असतानाच तिथं कामाला होते. मला तिच्या मनावर ठसवायचं आहे ते हेच. सोय शेवटी चिकटवता येत नाही.

११
चाचणी. सगळ्या दिवसातली महत्त्वाची वेळ ही.

फोनवर चौघे आहोत. सोलापूरची कॉलेजातली मुलगी, टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले काका, कोड लिहिणारा दादा आणि मी. दादा डोळस आहे, जर्मनीत असतो, तिथं अजून सकाळ आहे. काका खेळतात, त्यांच्या संगणकाचा आवाज आम्हाला फोनवर ऐकू येतो.

वाहकाच्या शिट्टीवर गाडी मागे येते आहे आणि खेळाडूनं बाजूला व्हायचं आहे. काका तीनदा खेळतात, तिन्ही वेळा गाडीखाली.

“गाडी आहे हे कळतंय रे,” काका म्हणतात. “पुढून येते की मागून, ते कळत नाही.”

“काका, मागूनच येतेय. मला नकाशावर दिसतेय,” दादा सांगतो.

“तुला दिसतेय. मला ऐकू येऊ दे.”

इथं वाद होत नाही, कारण टीमचा नियम ठरलेला आहे : खेळणाऱ्या अंध माणसाला ऐकू आलं नाही, तर ते खेळात नाही. मग कारण शोधायला बसतो. आवाज डावीकडचा असेल तर तो डाव्या कानात आधी पोचतो. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सहा-सात दशांश, पण मेंदू तेवढ्यावर दिशा ओळखतो. समोरचा आणि पाठीमागचा आवाज मात्र दोन्ही कानांत एकदमच येतो. तिथं कानाच्या पाळीच्या घड्या मदत करतात. मागून येणाऱ्या आवाजातले बारीक, उंच स्वर त्या जरा बदलतात. हेडफोनमध्ये हा बदल गणितानं करावा लागतो आणि ते गणित प्रत्येकाच्या कानाला सारखं बसत नाही. त्यातून आमचे दोन्ही आवाज अडचणीचे. डिझेल इंजिनाच्या खर्जात उंच स्वर फारसे नाहीत. शिट्टी उंच आहे, पण एकाच पट्टीची.

सोलापूरची मुलगी म्हणते, “ताई, खऱ्या स्टँडवर मी इंजिन ऐकतच नाही. चाकाखालची खडी ऐकते. आणि ब्रेकची हवा, फुस्स होते ती.”

बरोबर आहे! खडीच्या करकरीत आणि हवेच्या फुसफुशीत खालपासून वरपर्यंत सगळे स्वर असतात, म्हणून कान त्यांची जागा पक्की धरतो. दादा इंजिन निम्म्यानं खाली आणतो, खडी वर घेतो. काका पुन्हा खेळतात. एकदा उजवा बाण दाबून थोडे वळतात, खडी उजव्या कानाकडे सरकते, म्हणजे गाडी समोर नाही, मागे आहे. काका बाजूला होतात.

“आता आली लाइनवर,” ते म्हणतात.

याच तासात एक सूचना आम्ही नाकारतो. एका हितचिंतकानं कळवलं होतं की खेळ सोपा करा, गाडीनं कुणाला धडक देऊ नये. दोघेही खेळाडू ठाम नाही म्हणतात. हरता येत नसेल तर जिंकण्यात काय राहिलं? मलाही तसंच वाटतं. माहिती कमी पडून हरणं हा खेळाचा दोष. चूक करून हरणं हा खेळाडूचा हक्क.

१.३०
जेवण. मोबाइल बंद.

३
आवाजांची निवड. मेनू, सूचना, गुण हे सगळं खेळाडूच्या स्वतःच्या स्क्रीन रीडरनं, त्याच्या वेगानं वाचावं. माणसाच्या आवाजात ‘मुख्य पानावर परत जा’ रोज ऐकणं ही शिक्षा आहे. गोष्ट मात्र माणसांनीच बोलावी. गोष्टीतली आजी नगरकडची वाटली पाहिजे, घोषणा करणारा स्टँडचा कंट्रोलर माइकसमोर कंटाळलेला. प्रत्येक आवाजाची लेखी परवानगी आणि प्रत्येक फाइल स्वतः रेकॉर्ड केलेली किंवा मुक्त परवान्याची. स्टँडवर वाजणारं सिनेमाचं गाणं कितीही खरं वाटलं तरी कापायचं.

आज वाहकाच्या तिकीट पंचवर अडलो. काकांच्या आठवणीत वाहक म्हणजे पंचची टकटक, गर्दीतून जवळ जवळ येणारी. सोलापूरच्या मुलीला तिकीट मशीनचा बीप तेवढा माहीत. ठरलं असं की मशीन राहील आणि जुन्या काळातल्या फेरीसाठी पंच आणायचा. चांगलं रेकॉर्डिंग अजून हाती नाही.

५
मोबाइलची आवृत्ती. अँड्रॉइडवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर सुरू असताना बोटाची प्रत्येक सरक आधी तो घेतो, खेळापर्यंत ती पोचतच नाही. म्हणून खेळ सुरू होताच सांगतो : दोन्ही व्हॉल्यूम बटणं काही सेकंद दाबा, टॉकबॅक थांबेल, पुढे मी बोलेन. बाहेर पडताना तो पुन्हा सुरू करायची आठवणही खेळानंच द्यायची, नाहीतर माणूस मुक्या फोनसमोर बसून राहील. आज ती आठवण दोनदा वाजते आहे. नोंद करून नव्या मुलीला दिली. तिचं पहिलं खरं काम.

८.३०
आठवड्याची आवृत्ती बाहेर. दादा फाइल चढवतो, मी बदल चार ओळींत लिहिते. विंडोजवर डिजिटल सहीसाठी पैसे लागतात, ते आमच्याकडे नाहीत. बिनसहीच्या छोट्या प्रोग्रॅमला अँटिव्हायरस कधी कधी विनाकारण विषाणू ठरवतो, म्हणून कोड खुला ठेवला आहे. ज्याला शंका असेल त्यानं वाचावा. सुधारणांच्या यादीत खडी सुचवणारीचं श्रेय दादाच्या नावाच्या वर लिहिलं. ती ओळ त्यानंच वर नेली.

९.१५
उद्या कचेरी आहे. त्याआधी वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या घरी कुणी एसटीत वाहक असेल आणि जुना तिकीट पंच कपाटात पडला असेल, तर तो भंगारात देऊ नका. दारं-खिडक्या लावा, पंखा बंद करा, मोबाइल हातभर अंतरावर ठेवा आणि सावकाश दहा वेळा वाजवून ते रेकॉर्डिंग जपून ठेवा. आम्हाला त्याची गरज आहे.