विकायच्या घरावर पैसा घालावा का?

सिमेंटवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. त्याच महिन्यात पावसाने मराठवाडा झोडपून काढला. गावातलं घर विकायला काढलेल्या माणसाच्या डोक्यात या दोन गोष्टी सहज एकत्र येतात. भिंतींना ओल आलीच आहे, सिमेंटही उतरलंय, मग गिलावा करून, फरशी बदलून, रंग मारून चार पैसे जास्त का घेऊ नयेत?

माझं मत स्पष्ट आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या हट्ट्यासारख्या गावात विकायच्या घराचं गळणारं छत बंद करा आणि कागद नीट करा. त्यापुढे खर्च करू नका.

आधी स्वस्ताईचं बघू. साडेतीनशे रुपयांची गोणी, कपात पूर्णपणे गिऱ्हाइकापर्यंत पोचली तरी, सत्तावीसेक रुपयांनीच उतरते. डागडुजीला तीस गोण्या लागल्या तर आठशे रुपये वाचले. मिस्त्री आणि त्याच्या हाताखालचा बिगारी यांची एका दिवसाची मजुरीही त्यातून सुटत नाही.

आता घेणारा कोण, ते पाहा. हट्टा हे वसमत तालुक्यातलं, परभणी-हिंगोली रस्त्यावरचं गाव. अशा गावात गावठाणातलं घर घ्यायला बहुतेक वेळा शेजारी येतो, भावकीतला येतो, नाहीतर हळदीचे पैसे हातात आलेला शेतकरी येतो. त्याला जागा हवी असते. समोरची रुंदी किती, ट्रॅक्टर दारापर्यंत येतो का, सांडपाणी कुठं जातं, नळाला पाणी येतं का, हे तो विचारतो. जुनं पाडून स्लॅब टाकायचा हे त्याने मनात धरलेलं असतं. तुम्ही लावलेल्या टाइल्स तो पहिल्याच आठवड्यात फोडणार, मग त्यांचे पैसे तो कशाला देईल?

कर्ज काढून घेणाऱ्याचंही फारसं वेगळं नसतं. बँकेचा मूल्यांकनकार जागेची किंमत वेगळी धरतो आणि बांधकामाच्या वयानुसार घसारा वजा करतो. रंगाने भिंतीचं वय कमी होत नाही.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत दरवर्षी कोणत्या कामाचे किती पैसे विक्रीत परत येतात याचा तक्ता निघतो. 2024 च्या तक्त्यात गॅरेजचं दार बदलण्याचा खर्च जवळपास दुपटीने वसूल होताना दिसला, तर उंची स्वयंपाकघराच्या नूतनीकरणाचे शंभरातले अडतीसच परत आले. जिथं घर सजवून विकण्याचा मोठा धंदा आहे, तिथंही महागड्या कामात विकणाराच तोट्यात जातो. पुण्या-मुंबईतला फ्लॅट तसाच्या तसा राहायला घेतला जातो, म्हणून तिथं रंग आणि नळदुरुस्ती यांना थोडाफार अर्थ आहे. गावठाणातल्या घराला तो हिशेब लावू नये.

मात्र एका खर्चाबद्दल मला जास्त काळजी वाटते, आणि तो म्हणजे भेगांवरची पुट्टी. 21 मार्च 2024 च्या सकाळी हिंगोली जिल्हा 4.5 तीव्रतेच्या भूकंपाच्या धक्क्याने हादरला आणि काही मिनिटांत 3.6 चा दुसरा धक्का बसला. 10 जुलैला पुन्हा 4.5. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरातले लोक तर जमिनीतून येणारे गूढ आवाज वर्षानुवर्षं ऐकत आले आहेत. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट या भागात कुणीही विसरलेलं नाही, आणि तिथं माणसं मेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली. अशा जिल्ह्यात चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी चढलेली भेग ही घेणाऱ्यासाठी महत्त्वाची माहिती असते. ती बुजवून वर रंग मारला की तो ती माहिती लपवण्याचा प्रकार होतो.

कायदाही हेच म्हणतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार घेणाऱ्याला साध्या दक्षतेने कळणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो सांगणं त्याचं कर्तव्य आहे. मग तो दोष बांधकामातला असो की मालकीतला. तो न सांगणं कपटाचं ठरतं, असं त्याच कलमात लिहिलेलं आहे. उघडी भेग घेणाऱ्याला निदान दिसते. बुजवलेल्या भेगेने विकणाऱ्याच्या गळ्यात दावा पडू शकतो. भेग आहे तशी दाखवा आणि भावात थोडं उतरा. त्यात तुमचंही भलं आहे आणि त्या घरात झोपणाऱ्यांचंही.

खरी किंमत अडकते कागदात. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, त्याने मालकी सिद्ध होत नाही. 24 एप्रिल 2020 ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. पत्रिकेवर अजून वारलेल्या आजोबांचं नाव असेल, तर पहिला खर्च वारसनोंदीचा. बहिणींचा हिस्सा असेल तर त्यांना खरेदीखतात सह्यांसाठी सोबत घ्या, नाहीतर त्यांच्या राजीखुशीने हक्कसोडपत्र नोंदवून घ्या. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित घरात मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, तो गृहीत धरूनच भाव ठरवा. इसार घेतल्यावर एखादी सही अडली की व्यवहार मोडतो, आणि तेव्हा नवी फरशी कामाला येत नाही.

“खर्च केला तर करात सुटतो” हा सल्लाही सर्रास मिळतो. दोन वर्षांहून जास्त काळ ताब्यात असलेल्या घराच्या नफ्यावर 23 जुलै 2024 पासून 12.5 टक्के कर आहे. सुधारणेवर दोन लाख घातले आणि पक्की बिलं ठेवली, तर या दराने कर वाचेल सुमारे 25 हजार. उरलेले पावणेदोन लाख भावातूनच निघायला हवेत. शिवाय रंगरंगोटी साधारणपणे सुधारणेत धरली जात नाही.

राहता राहिलं माळवदाचं घर. छताला ताडपत्री किंवा पत्रे टाकून गळती थांबवा, कारण पाणी मुरलं की आतलं सागवान सडतं, आणि पाडायच्या घरात बऱ्याचदा तेवढंच मोलाचं असतं. खांबांना ऑइल पेंट फासू नका. जुन्या लाकडाचा व्यापारी आणून खांब, तुळया, चौकटी यांचा भाव वेगळा काढून घ्या. लाकूड घरासोबत जाणार की तुम्ही काढून नेणार, हे इसारपावतीतच लिहून ठेवा.