गणित चारचौघांत सोडवू द्या

"पोराचे पाढे तोंडपाठ आहेत, पण हिशेब काही जमत नाही," ही तक्रार आपल्या वस्तीत घरोघरी ऐकू येते. मग "याच्या डोक्यात गणितच नाही" असा शिक्का बसतो आणि मूल फळ्याकडे बघायलाही घाबरते.

हा शिक्का किती खोटा असतो, ते ब्राझीलमधील रेसिफे शहरात दिसून आले. तेरेझिन्हा कॅराहर व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बाजारात माल विकणारी ९ ते १५ वर्षांची ५ मुले तपासली. तो अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक होऊन विचारले, तेव्हा मुलांची शंभरात ९८ उत्तरे बरोबर आली. तसलेच हिशेब नुसत्या आकड्यांत मांडून दिले, तेव्हा बरोबर उत्तरे शंभरात ३७ वर आली! ३५ क्रुझेरोंचा एक, असे १० नारळ केवढ्याला? बारा वर्षांचा विक्रेता म्हणाला, तिनाचे १०५, आणखी तिनाचे २१०, पुढे ३१५, आणि एकाचे मिळवून ३५०. शून्य जोडण्याची युक्ती त्याने वापरली नाही, पण उत्तर चोख दिले. म्हणजे डोके होतेच, रीत मात्र परकी होती.

भाजीच्या गाडीवर आईला मदत करणारी आपली मुलेही अशीच आहेत. शिकवणीला पैसे नसले, तरी संध्याकाळी चार मुलांना एकत्र बसवा आणि एकच उदाहरण द्या : १८ रुपयांची एक, अशा ५ वह्या घेतल्या, १०० रुपये दिले, परत किती? एक जण पाच वेळा १८ मिळवील. दुसरा पाढा म्हणून ९० काढील. तिसरी म्हणेल, वीसला प्रत्येक वही दोन रुपयांनी कमी, म्हणून १० रुपये परत. तिघांचेही बरोबर.

दोन पथ्ये मात्र पाळा. उत्तर आपण सांगू नका, "कसे काढलेस?" एवढेच विचारा. आणि हुशार मुलानेच सगळे सोडवले, असे होऊ देऊ नका. जो सर्वांत गप्प बसतो, त्याला शेवटी सगळ्यांची रीत सांगायला लावा. चुकला तर हसू नका, चूक कोठे झाली ते चौघांना शोधू द्या.

हे करायला आईबापांना गणित यायलाच हवे असे नाही. रोज अर्धा तास ऐकून घेण्याची तयारी हवी. तेवढे आपण निश्चित करू शकतो.