जी चर्चेस कधी नव्हतीच : एफ. एल. ग्रिग्ज यांची अम्लरेखने

गॉथिक वास्तू म्हटलं की टोकदार कमानी, उंच मनोरे, भिंतीला बाहेरून दिलेले धिरे डोळ्यांपुढे येतात. फ्रेडरिक लँडसीअर ग्रिग्ज (१८७६–१९३८) यांनी हे सगळं तांब्याच्या पत्र्यावर कोरलं. पण त्यातल्या कितीतरी इमारती जगात कुठेच नव्हत्या.

‘हायवेज अँड बायवेज’ या पुस्तकमालेसाठी ते इंग्लंडभर हिंडून रेखाटनं करत. म्हणजे खरी भिंत, खरा पूल हाताला पक्का ठाऊक. १९०४ मध्ये ते चिपिंग कॅम्डनला स्थायिक झाले. (आपले आनंद कुमारस्वामीही त्याच सुमारास शेजारच्या ब्रॉड कॅम्डनला राहत होते, हे जाता जाता.) १९१२ मध्ये त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला, आणि त्यांचं अम्लरेखनाचं मुख्य काम त्यानंतरचं.

तंत्र असं. पत्र्यावर मेणासारखा लेप द्यायचा, सुईने रेघा ओढायच्या, पत्रा आम्लात बुडवायचा. उघडी पडलेली रेघ आम्ल खातं. मग शाई भरून, पुसून, ओल्या कागदावर दाबाने ठसा घ्यायचा. चित्र उलटं उमटतं. ग्रिग्ज ठसा पाहून पत्रा पुन्हा खरवडत, बदलत. एकेका चित्राच्या कितीतरी अवस्था आहेत. पुढे छपाईयंत्रही त्यांनी घरातच बसवलं.

आता प्रश्न असा, की हे खोटं म्हणायचं का?

आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ बंद केले. छपरांचं शिसं उतरलं, दगड विकले गेले. ग्रिग्ज यांच्या एका चित्राचं लॅटिन नावच ‘अँग्लिया पर्डिटा’, म्हणजे हरवलेलं इंग्लंड. ‘हे इथे होतं’ असं ते म्हणत नाहीत. ‘असं असू शकलं असतं’ म्हणतात. आणि म्हणूनच धिरा जिथे भार येतो तिथेच हवा. तो चुकला तर युक्तिवादच कोसळला की! कल्पनेला इथे वस्तुस्थितीपेक्षा कडक शिस्त लागते, असं माझं मत आहे.

तक्रारही आहे. त्या गावांत चिखल नाही, वेठबिगार नाही. मध्ययुग इतकं निवांत नव्हतं हो.

१९२९ च्या मंदीत अशा चित्रांचा बाजार बसला. ग्रिग्ज तेव्हा स्वतःचं घर बांधत होते, कर्जात बुडाले. त्याआधी, १९२६ मध्ये, गावाजवळची डोव्हर्स हिल लिलावात निघाली, तेव्हा तिथे बांधकाम होऊ नये म्हणून त्यांनी ती विकत घेतली होती. ती टेकडी आज नॅशनल ट्रस्टकडे आहे, मोकळी.